सुटली म्हणा, आक्का

“डाक्टरीणबाई, जेवलासा का?”

सतरा नंबरच्या खाटेशी पोचून मी तोंड उघडते न उघडते तोच हौसाबाईंचा प्रश्न आला. खरं तर प्रश्न विचारायचं काम माझं होतं. तेच शिकायला मी ठाण्याहून इतक्या लांब, या जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात आले होते.

“जेवले.”

“काय जेवलासा?”

“मेसमधलं.”

“मंग न जेवल्यावानीच की. ह्ये घ्या.” त्यांनी उशाच्या पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली भाकरी काढली, तिच्यावर लाल चटणी ठेवली आणि माझ्या हातात दिली. “आदी खावा. मग काय इचारायचं ते इचारा.”

मी खाल्ली. चटणी अशी जहाल होती की माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

“बघा गं बायांनो,” हौसाबाईंनी वॉर्डाला जाहीर केलं, “पेशंटला बघून डाक्टरीणच रडतीया!”

अख्खा वॉर्ड हसला. अठरा नंबरची बाई तर टाके दुखतात म्हणून पोट धरून हसली. मीही हसले. त्या हसण्यात माझा प्रश्न कुठे गेला ते मला कळलंसुद्धा नाही, आणि मी पाणी प्यायला निघून गेले.

प्रश्न साधा होता. ज्यांनी स्वतःचा जीव घ्यायचा प्रयत्न केला आणि जे त्यातून वाचले, त्यांची तब्येत जरा सावरली की मेडिसिनवाले आम्हा मानसोपचारवाल्यांना बोलवत. आम्ही त्यांच्याशी बोलायचं. झोप कशी आहे, भूक कशी आहे, मनात काय चाललंय, घरी कोण आहे, हे सगळं काढून घ्यायचं. आणि एक प्रश्न न चुकता, सरळ शब्दांत विचारायचा: अजून मरावंसं वाटतं का? त्या उत्तरावर पुढचं ठरायचं. घरी पाठवायचं की ठेवायचं, औषध कोणतं, सोबत कोण.

हा प्रश्न मला विचारता येत नसे. माझी जीभ अडखळायची. “घरी गेल्यावर साधारण कसं वाटेल असं तुम्हाला वाटतं?” असं काहीतरी मी विचारायची. आमचे हुपरीकर सर एकदा मागे उभे राहून ऐकत होते. नंतर म्हणाले, “मोघे, तुम्ही पाहुणीला चहा घेणार का विचारताय. तीसुद्धा ‘नको, आत्ताच झाला’ म्हणून मोकळी होते.” विचारल्यानं कुणाच्या डोक्यात नवी कल्पना शिरत नाही, ती तिथं आधीच बसलेली असते, आणि कुणीतरी विचारलं एवढ्यानंच माणसाला बरं वाटतं, हे त्यांनी मला निदान दहादा तरी सांगितलं असेल.

हौसाबाई पंचावन्नच्या. गावात त्यांचा मिरची कुटायचा डंक होता. उन्हाळ्यात दारात बायकांची रांग लागायची, अर्धा गाव शिंकायचा. नवरा पूर्वीच वारलेला, मुलगा सैन्यात, सून आणि नातू त्याच्याबरोबर. त्यांनी नेमकं काय केलं होतं ते मी इथे सांगत नाही. त्याची चर्चा वॉर्डात गरजेपेक्षा जास्त झाली होती. आठवडाभर डॉक्टरांनी शर्थ केली आणि बाई वाचल्या. शुद्धीवर आल्या तशा बोलायला लागल्या, आणि बोलायला लागल्यापासून वॉर्डाचं चित्रच पालटलं. जबाब घ्यायला आलेल्या हवालदाराला त्यांनी मिरची कुठली घ्यावी आणि कुठली नाही यावर असं काही ऐकवलं, की तो निम्मं लिहून आणि निम्मं ऐकून समाधानानं परत गेला. मेडिसिनचे डॉक्टर राउंडला आले की आधी सतरा नंबरकडे वळायचे. दिवसभरातली करमणूक तेवढीच.

त्यांनी असं का केलं, याबद्दल मात्र प्रत्येकाकडे एकेक कारण तयार होतं. पुतण्या म्हणायचा, गुडघे. शेजारीण म्हणायची, सून फोन करत नाही. एका मावसबहिणीच्या मते कुणीतरी करणी केली होती. अठरा नंबरचं मत असं होतं की डंकाच्या आवाजानं डोकं फिरतं. हौसाबाई प्रत्येकाला “व्हय, तसंच असंल” म्हणायच्या. एकालाही त्यांनी नाराज केलं नाही.

आणि या सगळ्यांवर अंमल होता आक्कांचा. आक्का म्हणजे हौसाबाईंची थोरली बहीण, पंधरा वर्षांनी मोठी. सत्तरीच्या, ताठ, जाड भिंगांचा चष्मा, नऊवारीचा काष्टा असा घट्ट की वॉर्डातली आयासुद्धा त्यांना वचकून असायची. हौसाबाईंना पहिल्यांदा शुद्ध आली तेव्हा आक्कांनी काय केलं, हे मला निदान पाच जणींनी हावभावासकट सांगितलं. आक्का खाटेवर चढून बसल्या, बहिणीचा हात ओढून स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि सगळ्या वॉर्डासमोर शपथ घेववली.

“घे म्हनली माज्या गळ्याची शपथ,” पाचवी सांगत होती. “आनि घेतली बिचारीनं. सगळ्या रडलो आमी. लई ग्वाड वाटलं बगा.”

त्यानंतर वॉर्डाच्या दृष्टीनं प्रश्न मिटलाच होता. शपथ घेतली, आता काय राहिलं? मेडिसिनच्या डॉक्टरांनी शनिवारी घरी सोडायचं ठरवलं. आमची सही तेवढी हवी होती. आणि त्या दिवशी गुरुवार होता.

पाणी पिऊन, डोळे पुसून मी परत आले. या वेळी पडदा ओढून घेतला. सिस्टरांना सांगून गावाहून आलेल्या शेजारणीला थोडा वेळ बाहेर बसवलं. घसा खाकरला आणि एकदाचं विचारून टाकलं.

“हौसाबाई, अजून मरावंसं वाटतं का?”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग हसल्या. “आवो, शपथ घेतलीया न्हवं म्या.”

माझा जीव भांड्यात पडला. प्रश्न विचारून झाला होता, उत्तर मिळालं होतं, पेशंट हसत होती. मी जवळजवळ उड्या मारत सरांच्या खोलीत गेले.

“विचारलं, सर. सरळ विचारलं.”

“शाब्बास. काय म्हणाल्या?”

“म्हणाल्या, शपथ घेतली आहे.”

“बरं. म्हणजे हो की नाही?”

“म्हणजे... नाहीच ना, सर.”

“असं त्या म्हणाल्या?”

“नाही. त्या म्हणाल्या शपथ...”

“मोघे,” सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, “मी तुम्हाला विचारलं, पोट दुखतंय का, आणि तुम्ही म्हणालात, आईनं दुखायचं नाही असं सांगितलंय. तर मी काय लिहू?”

मी केसपेपर चाळायला लागले.

“जेवतात का बाई?”

“हो, भरपूर! मलासुद्धा...” आणि मी तिथेच थांबले. भाकरी मी खाल्ली होती. आदल्या दिवशी पेढा मी खाल्ला होता. अठरा नंबरला रोज डबा कोण देत होतं? आयाला केळी कोण देत होतं? हौसाबाईंच्या तोंडात मी स्वतः कधी घास गेलेला पाहिला होता का, हे मला काही केल्या आठवेना.

“जा,” सर म्हणाले. “आणि या वेळी खाऊ नका.”

दुपारी वॉर्ड सुस्त असतो. नातेवाईक व्हरांड्यात पेंगत होते. आक्का बाहेर नळावर डबे घासत होत्या. हौसाबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या, आणि मी येतेय हे त्यांना कळलं नव्हतं. त्या क्षणभरात मी त्यांचा चेहरा पाहिला. त्यावर काहीच नव्हतं. राग नव्हता की रडू नव्हतं. मला भीती वाटली. मग माझ्या चपलेचा आवाज झाला, आणि त्या कुशीवर वळेपर्यंत चेहऱ्यावर हसू लागलेलं होतं.

“या या. लगीन कवा करतासा, डाक्टरीणबाई? आमच्या आक्काच्या नात्यात एक पोरगा हाय. जरा चकणा हाय, पर तुमी बी लई बारीक हायसा. जमून जाईल.”

“चकण्याचं नंतर बघू. तुम्ही आज काय खाल्लंत?”

“खाल्लं की.”

“काय?”

“तुमीच खाल्लासा की! आमचंच खाऊन आमाला इचारतासा?”

“झोप?”

“झोपतीया की.”

“सिस्टर म्हणतात, पहाटे तुम्ही जाग्या असता. रोज.”

त्यांनी यावर काही विनोद केला नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

“हौसाबाई, शपथ काय घेतलीत तुम्ही? शब्द काय होते?”

“आसू द्या की आता.”

“सांगा ना. मला आवडेल ऐकायला.”

“काय आवडायचं हाय त्यात? आक्का म्हनली तसं म्हनलं. ‘तुज्या गळ्याची शपथ आक्का, पुन्यांदा आसं करनार न्हाई.’”

“एवढंच?”

त्यांनी पदराचं टोक परत बोटाला गुंडाळलं.

“एवढंच म्हणाल्या आक्का?”

“‘करनार न्हाई,’” त्या हळूच म्हणाल्या, “‘आनि मनातबी आननार न्हाई.’”

मनातसुद्धा आणणार नाही! आक्कांनी बहिणीच्या जिवाचा बंदोबस्त करायचा म्हणून कुठे फट ठेवली नव्हती. दाराला कडी लावली होती आणि खिडक्याही ठोकून टाकल्या होत्या.

“आणि मनात आलं तर?” मी विचारलं.

“आलं तर शपथ मोडती.”

“आणि शपथ मोडली तर?”

हौसाबाईंनी माझ्याकडे अशी नजर टाकली की या ठाण्याच्या पोरीला आता एवढंही सांगायला हवं का. “आक्का जाईल की.”

“आणि मनात आलेलं कुणाला सांगितलं तर?”

“सांगिटलं म्हंजे आलंच की मनात.” मग त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. “नगा ना इचारू, बाई. म्हातारी हाय ती.”

मला माझं उत्तर मिळालं होतं. त्यांनी दिलं नव्हतं, तरी मिळालं होतं. पण तेवढ्यावर मला काही करता येत नव्हतं. सांगायला माणूसच तयार नाही, तर औषध कसलं देणार, सोबत कसली सांगणार? आणि परवा या बाई हसत हसत, सगळ्यांना चटणी वाटत घरी जाणार होत्या. घरी गेल्यावर पहाटे त्यांच्या सोबतीला ती शपथ असणार होती, बाकी कुणी नाही.

एक गोष्ट मात्र मला ठाण्यातही शिकायला मिळाली होती, आणि ती कुठल्याही पुस्तकात नव्हती. लहानपणी मैत्रिणीनं गळ्याची शपथ घातली आणि ती नकोशी झाली, की आम्ही तिच्या मागे लागायचो, “सुटली म्हण, सुटली म्हण.” जिनं घातली तिनंच म्हणायचं. ती एकदा ‘सुटली’ म्हणाली की संपलं, कुणाला काही होत नाही.

मी नळावर गेले. आक्का राखेनं डबा घासत होत्या, पितळेचा नसूनही पितळेसारखा.

“आक्का, एक काम आहे तुमच्याकडे.”

“बोला.”

“हौसाबाईंना घातलेली शपथ सोडवा. सुटली म्हणा.”

आक्कांचा हात थांबला. त्यांनी आधी माझे पाय पाहिले, मग माझा पांढरा कोट, मग चेहरा.

“डोस्कं ठिकानावर हाय का, पोरी?” डाक्टरीणबाईवरून मी एका झटक्यात पोरीवर आले होते. “त्येवढ्यावर तर जित्ती हाय ती. सुटली म्हनू आनि ती गेली, म्हंजे? तू भरून देशील?”

“नाही देऊ शकणार.”

“मग?”

पुस्तकातलं सगळं आठवलं आणि त्यातलं काहीही त्या नळावर उपयोगाचं नव्हतं. शेवटी मी एवढंच विचारलं, “आक्का, शपथ घेतल्यापासून त्या तुमच्याशी काय बोलल्यात?”

“बोलतीया की. दिसभर बोलतीया. तोंड मिटतंय व्हय तिचं?”

“काय बोलतात?”

“काय म्हंजे? आमटीत मीठ कमी हाय म्हंती. आयाच्या पोरीचं लगीन कवा हाय ते सांगती. तुज्यासाठी पोरगा बगती.”

“स्वतःबद्दल?”

आक्कांनी डब्यावर पाणी ओतलं. डबा स्वच्छ झाला होता, तरी आणखी ओतलं.

“लहान असताना,” त्या म्हणाल्या, “काय झालं तरी पळत माज्याकडं यायची. ठेच लागली तरी. आईकडं न्हाई, माज्याकडं. म्याच न्हाऊ-माखू घातलीया तिला.” त्यांनी नळ बंद केला. “आठ दिस झालं, बगायची म्हनून बगती माज्याकडं. नजर देत न्हाई.”

“त्यांना तुम्हाला सांगायचंय, आक्का. पण सांगितलं तर तुम्ही मराल, अशी त्यांना भीती आहे.”

आक्का खाली बसल्या. नळाच्या कट्ट्यावर, ओल्या जागेत, पातळाची पर्वा न करता.

“त्या बोलल्या तर मी तिथंच असेन,” मी म्हणाले. “सर आहेत. औषध आहे, त्यानं बरं वाटतं, वेळ लागतो पण वाटतं. शनिवारी मी त्यांना पाठवणार नाही. कुणी काही म्हणो.”

“उठून तर जानार न्हाईस? दुसरा पेशंट आला म्हनून?”

“नाही.”

त्या उठल्या. हात पातळाला पुसले. मी कोपराला धरायला गेले तर माझा हात झटकला आणि माझ्यापुढे चालत वॉर्डात शिरल्या.

हौसाबाईंनी आम्हा दोघींना एकत्र येताना पाहिलं आणि विनोद शोधायला तोंड उघडलं. आक्कांनी त्यांना संधी दिली नाही. पडदा ओढला, खाटेच्या कडेला बसल्या आणि एका दमात म्हणाल्या, “सुटली.”

“काय सुटली?”

“शपथ. माज्या गळ्याची घातलीवती ती. सुटली.”

हौसाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. “तुमी सांगिटलंसा व्हय?” मग बहिणीकडे. “पुन्यांदा म्हन.”

“सुटली म्हनले न्हवं!”

“मनातलंबी?”

“मनातलंबी सुटली. आता बोल भवाने, न्हाईतर एक वडीन.”

पलीकडे कुणाचीतरी पेल्यात चमचा हलवल्याची टिणटिण चालली होती. हौसाबाई आपल्या तळहाताकडे बघत होत्या. बोलल्या तेव्हा तो आवाज मी आठवडाभरात ऐकलेला नव्हता. त्यात चढउतारच नव्हता.

“वाटतंया,” त्या म्हणाल्या. “रोज वाटतंया. आत्ताबी वाटतंया.”

मी म्हटलं, “सांगा.”

“काय सांगू? काय बी झालं न्हाई. सून चांगली हाय. पोरगा चांगला हाय. गुडघं काय, समद्यांचंच दुखत्यात. कुनी काय बोललं न्हाई. पाटं डोळा उगडला की वाटतंया, ह्यो दिस कशाला उजाडला. गिळाय नगं वाटतं. बोलाय नगं वाटतं. म्हनून लई बोलती. कारन असतं तर सांगिटलं असतं की वो. समदी कारन इचारत्यात. मला लाज वाटती. एवडं चांगलं चाललंया आनि माजं हे असं.”

मग त्या रडल्या. हुंदका नाही, काही नाही. डोळ्यांतून नुसतं पाणी येत राहिलं.

मला वाटलं, आता आक्का ओरडणार. देवाचं नाव घेणार, नातवाचं नाव घेणार, नवी शपथ घालणार. मी त्यांना थांबवायच्या तयारीत होते. पण आक्का हलल्या नाहीत. त्यांचा रंग उतरला होता. ओठ हलत होते आणि शब्द येत नव्हता.

“आक्का,” मी म्हणाले, “काय होतंय? पाणी देऊ?”

“मला बोलायचं न्हाई,” आक्का म्हणाल्या.

“ठीक आहे, नका बोलू.”

“तसं न्हवं. मला बोलायचंच न्हाई. शपथ हाय.”

हौसाबाईंनी मान वर केली. “आत्ता सुटली म्हनलीस न्हवं?”

“ती तुजी. ही माजी.”

“तुजी कसली?”

“कसली ते सांगायचं न्हाई, त्याचीच शपथ हाय, खुळे!” आक्का वैतागून म्हणाल्या आणि त्यांचाही आवाज फुटला. “आईनं घातलीया.”

“आईनं? आई जाऊन किती वर्सं झाली. तिला आता काय हुनार हाय?”

“तिच्या गळ्याची न्हाई. तुज्या डोक्यावर हात ठिवून घ्यायला लावली. दहा वर्साची हुतीस. म्हनली, ह्ये कुनाला बोललीस तर हौशी मरंल.” आक्कांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्या एकदम वेगळ्याच, कुणाच्याही आजीसारख्या दिसल्या. “कवा कुनाला बोलले न्हाई म्या. ह्यांनासुदीक न्हाई. आनि तुजं असं झालं, तवा मला वाटलं, झोपंत माज्या तोंडनं काय निसटलं का काय. मीच शपथ मोडली आनि तू भोगलीस.”

हौसाबाई उठून बसल्या. आठवड्यात पहिल्यांदा कुणाच्या मदतीशिवाय.

“मला आठवतंया,” त्या म्हणाल्या. “माळ्यावर बसलोवतो. तुजा हात लई थरथरत हुता. मला वाटलं, उवा बगतीया.”

आक्का रडत होत्या, तरी हसल्या.

“माज्या डोक्याची शपथ हाय न्हवं?” हौसाबाई म्हणाल्या. “मग डोस्कं कुनाचं?”

“तुजं.”

“मग सोडायची का न्हाई ते मी ठरवनार. आई न्हाई आनि तू बी न्हाई.” त्यांनी डोळे पुसले आणि बहिणीचा हात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. “सुटली. बोल.”

आक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठून जाणार नाही असं सांगितलं होतं, आणि उठले नाही.

“माजं पैलं पोरगं झालं,” आक्का म्हणाल्या, “त्या वर्साला. मलाबी रोज वाटायचं. तुला वाटतंया तसंच. पाटं. कारन काय बी नव्हतं. पोरगं गुटगुटीत हुतं, सासू चांगली हुती. एक दिस आईच्या ध्यानात आलं. तिनं मला माहेरी आनून ठिवली, बाहेर पडू दिली न्हाई. आनि शपथ घातली. वरीसभरानं गेलं आपुआप. पर भ्या गेलं न्हाई. अजून न्हाई.”

वॉर्डात आता पेल्यातला चमचाही वाजत नव्हता. पडद्याबाहेर वॉर्डातल्या सगळ्या बायका श्वास रोखून ऐकत होत्या, याची मला खात्री आहे.

हौसाबाई कितीतरी वेळ बहिणीकडे बघत होत्या. थेट डोळ्यांत.

“आनि मला वाटत हुतं,” त्या म्हणाल्या, “आपल्या घरात मी एकटीच खुळी निगाली.”

“एकटी कशानं?” आक्कांनी नाक पुसलं, चष्मा चढवला आणि पाठ ताठ केली. “थोरली हाय मी. पैला मान माजा.”

शनिवारी हौसाबाईंना सोडलं नाही. पुढचा महिना त्या आमच्याच, मानसोपचाराच्या वॉर्डात होत्या. औषधानं झोप आली, मग हळूहळू भूक आली, मध्ये दोन वेळा सगळं परत खाली गेलं, आणि दोन्ही वेळा त्यांनी ते आक्कांना सांगितलं. घरी गेल्यावर ठरलेल्या वारी त्या ओपीडीत यायच्या, आणि सोबत आक्काही यायच्या. आक्कांनी स्वतःचा वेगळा केसपेपर काढून घेतला होता आणि तो नेहमी वर ठेवायला लावायच्या. आत आल्या की हौसाबाई मोठी खुर्ची त्यांना द्यायच्या, स्वतः स्टुलावर बसायच्या. मी पेन उघडायच्या आत आक्का धाकटीकडे वळून विचारायच्या, “ह्या आठवड्यात वाटलं का गं?” आणि धाकटी विचार करून, खरं काय ते सांगायची.